चोळी-बांगडीची जमीन म्हणजे नेमकं काय? आणि तिच्यामागं ती कोणाची?

औसेकर
मंडळी, नमस्कार. आमच्या घरात १९५१ सालचं एक वाटणीपत्र आहे. दोन भावांच्या वाटण्या लिहून झाल्यावर शेवटी एक कलम येतं: मयत धाकट्या भावाच्या बायकोला 'चोळी-बांगडीप्रीत्यर्थ' साडेतीन एकर दिली, ती तिनं 'तहहयात खावी, गहाण-खरेदी करू नये'. ही माझी चुलत आजी. आम्ही तिला धाकली माय म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. ऐन तारुण्यात कपाळ पुसलं गेलं आणि उरलेलं सगळं आयुष्य तिनं त्या साडेतीन एकरावर काढलं. ज्वारी, तूर, कडेला थोडी करडई. १९९७ मध्ये ती गेली.

शेवटच्या आजारपणात तिच्या बहिणीच्या लेकीनं तिचं सगळं केलं. माय तिच्या नावानं एक मृत्युपत्र करून गेली. जमीन मात्र तेव्हापासून आम्हीच कसतोय. वडील आणि चुलते म्हणतात, चोळी-बांगडी म्हणजे जिवंत असेपर्यंतची सोय, माणूस गेलं की शेत घरात परत. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते त्यांना नीट सांगताही येत नाही.

हा शब्द कुठून आला? चोळी-बांगडी म्हणजे स्त्रीधन का पोटगी? आणि मायच्या मागं ते शेत कोणाचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

बालाघाटी
आमच्या केजकडं चोळी-बांगडी विधवेपुरती नाही, लेकीलाही देतात. 'थोरलीला चोळी-बांगडीला दोन एकर ठेवलीत' असं सर्रास ऐकू येतं. सातबारा भावांच्या नावावर, शेत भाऊच पेरणार, आणि सुगी झाली की बहिणीच्या घरी दोन पोती ज्वारी अन् तुरीचं एक कट्टं पोचवायचं. भाऊ चांगला असला तर पोचतं. भावजय आली, पुतणे मोठे झाले की हळूहळू पोती कमी होतात, मग नुसती दिवाळीची साडी उरते.

नळदुर्गची लेक
शब्द जुना आहे आणि थोरामोठ्यांच्या घरातूनही आलाय. सरदार घराण्यांत बायकांच्या खर्चासाठी गावं तोडून दिलेली असत, त्याला चोळी-बांगडीचा गाव म्हणत. होळकरांकडचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असेल. पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना स्वतंत्र 'खासगी' जहागीर दिली. दौलतीचा हिशोब वेगळा, खासगीचा वेगळा. पुढं ती खासगी अहिल्याबाईंच्या हाती आली. आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. बाईच्या हातात तिचा पैसा असला की काय उभं राहतं ते तिथं जाऊन बघावं.

गरिबाघरी गाव नाही, म्हणून एकर-दोन एकर. भावना तीच: वर्षाकाठी लुगडं, चोळी, बांगडी, मीठ-मिरची यासाठी तिनं कोणापुढं हात पसरू नये.

तलाठीअण्णा (निवृत्त)
औसेकर, नोकरीत असे कागद भरपूर पाहिले. निजामकाळातल्या उर्दू कागदांत अशा जमिनीला 'गुजारा' म्हटलेलं सापडायचं, म्हणून आमच्या पिढीतले लोक गुजाऱ्याची जमीन असंही म्हणतात. गुजारा म्हणा, चोळी-बांगडी म्हणा, अन्नवस्त्र म्हणा, खेड्यात तिन्ही शब्द एकाच गोष्टीला लागतात.

एक काम करा. सातबारा बघत बसू नका, तो फार पुढचा. तहसीलमधून १९५४-५५ चं खासरा पत्रक काढा. मराठवाड्यात जमिनीच्या कुठल्याही वादाचं मूळ तिथं सापडतं. त्या सर्व्हे नंबरला कब्जेदार म्हणून कोणाचं नाव लागलंय ते बघा. मग आजवरचे सगळे फेरफार क्रमानं लावा. मायचं नाव कधी लागलं, कधी आणि कशाच्या आधारावर कमी झालं, हे कळल्याशिवाय कोणाच्याही बोलण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

उदगीरचा पावणा
वाचतोय. आमच्या घरी हुबेहूब हाच वाद चालू आहे. फक्त शेत सव्वादोन एकर आणि भांडणारे सतरा जण.

पैठणवासी
स्त्रीधनाबद्दल विचारलंय म्हणून जरा मुळापासून लिहितो.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीधन सहा प्रकारचं सांगितलंय: लग्नाच्या अग्नीपुढं मिळालेलं, सासरी पाठवणीच्या वेळी मिळालेलं, प्रेमानं दिलेलं, आणि भाऊ, आई, बाप यांच्याकडून आलेलं. कौटिल्य आणखी व्यवहारी आहे. तो स्त्रीधनाचे दोन भाग करतो, 'वृत्ति' आणि 'आबध्य'. वृत्ति म्हणजे तिच्या निर्वाहासाठी लावून दिलेली रक्कम, तिला दोन हजार पणांची मर्यादा. आबध्य म्हणजे अंगावरचे दागिने, त्यांना मर्यादा नाही. म्हणजे निर्वाहाची तरतूद हा स्त्रीधनाचाच एक प्रकार होता. औसेकरांनी 'का' घालून जे दोन शब्द वेगळे केलेत, ते कौटिल्याकडं एकाच घरात नांदतात.

आता आपल्या प्रदेशाचा मान. याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'मिताक्षरा' टीका विज्ञानेश्वरानं लिहिली ती चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळात, कल्याणीला. म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्यापासून फार लांब नाही. याज्ञवल्क्यानं यादी देऊन शेवटी 'आद्य' म्हणजे 'वगैरे' असा शब्द ठेवला होता. विज्ञानेश्वरानं त्या 'वगैरे'मध्ये वारसानं आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलं, कब्ज्यानं आलेलं आणि सापडलेलं, सगळं घातलं. बाईकडं जे जे न्यायानं आलं ते तिचं धन, इतका सरळ अर्थ. नऊशे वर्षांपूर्वी!

त्याच्या पुढचा मोठा ग्रंथकार नीलकंठ भट्ट, 'व्यवहारमयूख'चा कर्ता, सतराव्या शतकातला. काशीचे भट्ट म्हणून प्रसिद्ध असलेलं हे घराणं मूळचं आमच्या पैठणचं. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत मिताक्षरेबरोबर मयूखाचा आधार घेतला जायचा.

मग बिघडलं कुठं? इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टानं, विज्ञानेश्वराचा रुंद अर्थ मानला नाही. नवऱ्याकडून वारसानं आलेली मिळकत विधवेची पूर्ण मालकीची नाही, तिचा फक्त हयातीपुरता हक्क, असं ठरलं. 'तहहयात खावी, विकू नये' ही भाषा त्या काळात पक्की झाली. आपले लोक तिला परंपरा म्हणतात, पण कल्याणीच्या पंडितानं तसं लिहिलेलं नाही.

भूमकन्या
पैठणवासी, लिहिलंत छान, पण शास्त्राचा दुसरा श्लोकही सांगा की. दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा कैदेत पडल्यावर नवऱ्यानं बायकोचं स्त्रीधन घेतलं तर ते परत करायची गरज नाही, असं तोच याज्ञवल्क्य सांगतो. आणि त्या यादीत पहिला शब्द कोणता? दुर्भिक्ष. आपल्या भागात दुष्काळ सोडून दुसरं काय आहे?

माझ्या आईची एकदाणी आणि आज्जीनं दिलेली पुतळ्यांची माळ होती. माळवदाच्या घरात बळदात, ज्वारीच्या खाली, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. ७२ च्या दुष्काळात आधी माळ गेली, बैलांच्या चाऱ्याला. एकदाणी वडिलांनी सावकाराकडं ठेवली ती सुटलीच नाही. आई सुकडीवर पोरं जगवत खडी फोडायला गेली, तेव्हा तिच्या गळ्यात काळ्या मण्यांशिवाय काही नव्हतं. पुढं पाऊस झाला, विहीर झाली, वडिलांच्या नावावर शेत वाढलं. आईचं सोनं परत करायचंय हे त्या घरात कोणी कधी बोललं नाही. वडील वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यातच ते आलं नाही, कारण घरातलं सोनं म्हणजे घराचंच.

वकिलीण, परभणी
भूमकन्याताई, त्या श्लोकात सूट फक्त नवऱ्याला आहे. सासऱ्याला, दिराला हात लावायचा अधिकार स्मृतिकारही देत नाहीत. आणि आजचा कायदा तुमच्या आईच्या बाजूनं आहे. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ सांगितलं की स्त्रीधन बाईच्या पूर्ण मालकीचं, सासरच्यांकडं ते फक्त ठेव म्हणून असतं आणि दाबून ठेवलं तर तो विश्वासघाताचा गुन्हा होतो. २०२४ मध्ये तर एका प्रकरणात, नवरा अडचणीत स्त्रीधन वापरू शकतो पण परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याची आहे, असं म्हणत कोर्टानं त्या बाईला २५ लाख रुपये द्यायला लावले.

आता औसेकरांचा मूळ प्रश्न. १९५१ मध्ये मायला बरोबरीचा हिस्सा का दिला नाही? एकत्र कुटुंबात मुलगा नसताना भाऊ वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या भावांत विरायचा, विधवेला फक्त पोटगीचा हक्क राहायचा. म्हणजे साडेतीन एकर दिले ते उपकार म्हणून नाही. तिचं पोट त्या मिळकतीवर बांधलेलंच होतं, दिरांनी ते देणं जमिनीच्या रूपात फेडलं.

हे महत्त्वाचं का? कारण हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्याच्या कलम १४(१) नं बाईच्या ताब्यातली मिळकत, मग ती वारसानं आलेली असो, वाटणीत किंवा पोटगीबदल, तिच्या पूर्ण मालकीची केली. हयातीपुरता हक्क संपला. पोटकलम (२) मध्ये एक अपवाद आहे: बक्षीस, मृत्युपत्र किंवा अशा दस्तानंच मर्यादित हक्क दिला असेल तर मर्यादा टिकते. तुमचे चुलते 'तहहयात' शब्दावर बोट ठेवतील ते याच आधारावर.

पण १९७७ चा तुलसम्मा विरुद्ध शेष रेड्डी हा निकाल वाचा. आंध्रातलं प्रकरण. विधवा आणि दीर. १९४९ ची तडजोड. पोटगीबदल मिळकत, हयातीपुरती, विकायची नाही. मायच्या कागदाशी किती जुळतं बघा. सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की जिला पोटगीचा हक्क आधीपासूनच होता तिला त्याबदल्यात मिळकत दिली असेल, तर कागदात काहीही बंधन लिहिलेलं असो, ती पूर्ण मालकीण होते. १९५६ ला माय जिवंत होती आणि शेत तिच्या ताब्यात होतं, हे सिद्ध झालं की माझ्या मते प्रश्न मिटतो.

जुनं वळण
सगळं खरं असेल, पण ज्या दिरांनी त्या काळात मोठ्या मनानं भावजयीला साडेतीन एकर काढून दिले, त्यांच्या नातवंडांना आज कोर्टाची भीती घालायची हे बरं दिसत नाही. वडिलोपार्जित शेत बहिणीच्या लेकीकडं, म्हणजे पूर्ण दुसऱ्या घरात जाणार. अशानं उद्या कोणी विधवेला काही द्यायला धजणार नाही.

मांजराकाठ
जुनं वळण, त्या दिरांबद्दल आदर आहेच. पण 'मोठ्या मनानं' हा शब्द मला खटकतो. वर वकिलीणबाईंनी लिहिलंय ना, ते देणं होतं. मायचा नवरा जिवंत असता तर तिसरा हिस्सा मिळाला असता, साडेतीन एकर नाही. उरलेलं दोघा भावांनीच वाटून घेतलं, ते कोणाच्या खात्यावर मांडायचं?

आणि 'दुसरं घर' म्हणाल तर लेकीबाळींच्या हक्कसोडीचं बघा. बाप गेला की तेराव्यानंतर भाऊ बहिणींना गाडीत घालून नोंदणी कार्यालयात नेतात. हक्कसोड पत्रावर सह्या झाल्या की हॉटेलात जेवण, एकेक साडी-चोळी, आणि बहीण खुश. का? कारण हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे तिला माहीत असतं. २००५ पासून लेक जन्मतःच मुलाइतकीच हिस्सेदार आहे, पण गावात अजून साडी-चोळीवरच मिटतं. माझ्या आत्यानं हिस्सा मागितला, तेव्हापासून तिला पंचमीचं मूळ गेलं नाही. माझे वडील जिवंत असेपर्यंत गेलं नाही. आता मी जातो.

बालाघाटी
मांजराकाठ, आत्याकडं जाताय हे वाचून बरं वाटलं.

जालनेवाली
आमच्याकडच्या मेहेरबद्दलही लिहू का? विषय जवळचाच आहे.

निकाहाच्या वेळी नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम म्हणजे मेहेर. आमच्या घरातल्या जुन्या निकाहनाम्यांत हैदराबादी रिवाजाप्रमाणं 'दीनार-ए-सुर्ख' लिहिलेले आहेत. त्याचे दोन भाग: मुअज्जल, म्हणजे मागितल्याबरोबर द्यायचा, आणि मुवज्जल, म्हणजे नंतरचा, तलाक झाला किंवा नवरा वारला की देणं लागतो तो. कुरआनात सूरह निसाच्या सुरुवातीलाच आहे, बायकांचे मेहेर खुशीनं देऊन टाका. म्हणजे हे नवऱ्यावरचं कर्ज. नवरा गेल्यावर आधी दफनविधीचा खर्च आणि कर्ज फेडायचं, त्यात मेहेर आलाच, आणि मगच वाटण्या. विधवेचा वारसा हिस्सा, मुलं असतील तर आठवा आणि नसतील तर चौथा, हा त्याहून वेगळा.

पण होतं काय? मय्यत अंगणात असते, बायको शुद्धीवर नसते, आणि चार मोठ्या बायका तिला धरून नेतात, 'मेहेर माफ कर दे, उसकी रूह को आराम मिलेगा.' ती बिचारी काय म्हणणार? मान हलवते. झालं माफ. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. मावशीला तिचा मेहेर किती होता हेसुद्धा माहीत नव्हतं. कोलकाता उच्च न्यायालयानं १९२० मध्येच सांगितलंय की नवऱ्याच्या मृत्यूच्या दुःखात बुडालेल्या बाईनं दिलेली माफी ही राजीखुशीची माफी नाही. शंभर वर्षं झाली, आमच्या मोहल्ल्यापर्यंत ते पोचलं नाही.

आणखी एक. मेहेरच्या बदल्यात नवऱ्याची मिळकत विधवेच्या कब्जात रीतसर आलेली असेल, तर रक्कम मिळेपर्यंत ती कब्जा सोडायला बांधील नाही. हे प्रिव्ही कौन्सिलनं १९१६ मध्ये मान्य केलंय. मालकी नाही, पण घरातून बाहेर काढता येत नाही. विधवेसाठी ही ताकद छोटी नाही.

वकिलीण, परभणी
अगदी बरोबर लिहिलंत. हुंडाबंदीच्या १९६१ च्या कायद्यानंही मेहेरला हुंड्याच्या व्याख्येतून मुद्दाम वगळलंय. हुंडा नवऱ्याकडच्यांना जातो, मेहेर बाईला येतो. लोक दोन्ही एका मापात मोजतात तेव्हा मला फार राग येतो.

शेतकऱ्याची सून
मी या धाग्यावर उशिरा आले. धाकल्या मायच्या कागदात 'बांगडी' शब्द बघून पोटात कालवलं. जिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या तिलाच बांगडीच्या नावानं शेत. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद केलं, तसा आमच्या गावानंही ठराव घेतला. तरी माझे मालक गेले तेव्हा बायका जमल्याच. सासूबाई मधे उभ्या राहिल्या म्हणून माझ्या हाताला कोणी हात लावला नाही.

मालकांनी कर्जापायी जीव दिला. सरकारचे एक लाख मिळाले, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण शेत सासऱ्यांच्या नावावर, मालकांच्या नावावर गुंठाही नव्हता. दीर म्हणतात, 'वहिनी, तुम्हाला दोन एकर चोळी-बांगडीला लावून देऊ, पेरा आणि खा.' कागद करायचं नाव काढलं की विषय बदलतात. शेत वडिलोपार्जित आहे. मला एवढंच विचारायचंय, मी काय मागू?

तलाठीअण्णा (निवृत्त)
पोरी, चोळी-बांगडी मागू नको. वडिलोपार्जित आहे ना, मग तुझ्या मालकाचा हिस्सा माग, तुझा आणि तुझ्या लेकरांचा. तोंडी दोन एकर म्हणजे दिराच्या मर्जीचे दोन एकर. उद्या पीकविमा, अनुदान, बँकेचं कर्ज, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतं. नुसतं पेरणाऱ्याला काही मिळत नाही.

वकिलीण, परभणी
अण्णांशी सहमत. ताई, वडिलोपार्जित मिळकतीत तुमच्या मालकांचा जन्मतः हिस्सा होता. ते गेल्यावर तो तुमच्याकडं, मुलांकडं आणि तुमच्या सासूबाईंकडं सारखा येतो. सासूबाई तुमच्या पाठीशी आहेत ही मोठी गोष्ट आहे. वाटणी होईपर्यंत सासऱ्यांच्या हातातल्या एकत्र मिळकतीतून पोटगी मागण्याचा हक्कही १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम १९ नं दिलाय. पुनर्विवाह केला तर सगळं जातं अशी भीती कोणी घातली तर ऐकू नका, एकदा वारसानं आलेला हिस्सा पुढच्या लग्नानं जात नाही. तालुका विधी सेवा समितीकडं जा, तिथं महिलांना वकील मोफत मिळतो. आणि कुठल्याही कोऱ्या कागदावर सही करू नका, 'वारस नोंदीसाठी लागते' म्हणाले तरी.

जुनं वळण
ताईंची पोस्ट वाचली. दिरांनी कागद करून द्यावा, यात दुमत नाही. औसेकरांच्या बाबतीत माझं मत मी अजून बदललेलं नाही, पण तोंडी चोळी-बांगडी नको हे मान्य.

औसेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. तहसीलमधून खासरा पत्रक मिळालं. १९५४-५५ ला त्या सर्व्हे नंबरवर कब्जेदार म्हणून धाकल्या मायचंच नाव आहे. माय गेल्यानंतर एक फेरफार झालाय, त्यात 'मयत, वारस नाही, पुतण्यांची नावे लावली' एवढंच आहे. मृत्युपत्राचा उल्लेख नाही. ते नोंदवलेलं नाही, साध्या कागदावर आहे. अंगठा मायचा, साक्षीदार दोन, दोघंही आता हयात नाहीत. याचं काय?

वकिलीण, परभणी
मृत्युपत्र नोंदवलेलंच पाहिजे असं नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत. दोघंही वारले असतील तर निदान एकाची सही त्याच्याच हातची आहे आणि अंगठा मायचाच आहे, हे दुसऱ्या मार्गानं सिद्ध करावं लागेल. साक्षीदारांच्या सह्या असलेले त्या काळातले इतर कागद शोधा, सोसायटीचे, शाळेचे, ग्रामपंचायतीचे. मायचा अंगठा असलेला एखादा जुना दस्त मिळाला तर उत्तम. फेरफारानं मालकी ठरत नाही, ती फक्त महसुलाची नोंद. पण इतकी वर्षं कब्जा तुमच्याकडं आहे, त्यामुळं मुदतीचा मुद्दा निघणार. दावा कठीण होऊ शकतो, हे मायच्या बहिणीच्या लेकीला, म्हणजे तुमच्या मावशींना, आत्ताच स्पष्ट सांगा.

इतरांसाठी लिहिते: मृत्युपत्र नसतं तर निपुत्रिक विधवेची अशी मिळकत हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणं नवऱ्याच्या वारसांकडंच गेली असती. २००९ च्या एका निकालात तर लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा होऊन सासरहून हाकललेल्या, माहेरी शिकून नोकरी केलेल्या बाईची स्वतःची कमाईसुद्धा नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना गेली, तिच्या आईला नाही. म्हणून एकट्या बायांनी मृत्युपत्र केलंच पाहिजे. शक्यतो नोंदवून, आणि आपल्यापेक्षा वयानं लहान साक्षीदार घेऊन.

औसेकर
वडिलांना खासरा पत्रक दाखवलं. बराच वेळ बघत बसले, बोलले काहीच नाहीत. चुलते ऐकणार नाहीत असं दिसतंय. कोर्टात न जाता वडिलांच्या आणि माझ्या वाट्याला आलेला अर्धा भाग तरी मावशींच्या नावावर करून द्यावा, असं माझ्या मनात आहे. त्याला वडिलांची सही लागेल. मावशींना काल फोन केला आणि मूळ मृत्युपत्र कोणाच्याही हातात देऊ नका म्हणून सांगितलं.

तलाठीअण्णा (निवृत्त)
चांगलं केलंत. आता त्या फेरफाराची आणि खासरा पत्रकाची, दोन्हीची शिक्क्याची नक्कल काढून एकेक प्रत मावशींकडंही पाठवा.